पत्रा फोडण्याआधी : वसई-विरारच्या आयुक्तांना खुले पत्र

प्रति,
माननीय आयुक्त,
वसई-विरार शहर महानगरपालिका, विरार

विषय : जुनी घरे, इमारती व गाळे यांतील अॅस्बेस्टॉस सुरक्षितपणे उतरवण्याबाबत

महोदय,
स.न.वि.वि.

मागणी आधी सांगते, कारणे त्यामागून. महापालिका ज्या कागदाच्या आधारे एखादे बांधकाम पाडते किंवा पाडू देते, मग ती धोकादायक इमारतीची नोटीस असो, पुनर्विकासासाठी जुनी इमारत पाडण्याची परवानगी असो की अतिक्रमण विभागाचा कारवाईचा आदेश असो, त्या कागदावर एक रकाना वाढवावा. या बांधकामात अॅस्बेस्टॉस कुठे आहे, ते कोण उतरवणार आणि उतरवलेले कुठे जाणार, एवढेच त्या रकान्यात लिहायचे. तो भरल्याशिवाय हातोडा पडू नये, जेसीबी हलू नये. अॅस्बेस्टॉसवर बंदी घालणे आपल्या अधिकारात नाही, याची मला कल्पना आहे. हा रकाना मात्र पूर्णपणे आपल्या अधिकारातला आहे.

आपल्या शहरात अॅस्बेस्टॉस शोधायला फार लांब जावे लागत नाही. राखाडी, नागमोडी, पावसाळ्यात काळा-हिरवा पडणारा सिमेंटचा पत्रा, तो हाच. त्यात बहुतांश सिमेंट असते आणि त्याला घट्ट धरून ठेवायला साधारण आठ ते दहा टक्के पांढऱ्या अॅस्बेस्टॉसचे, म्हणजे क्रायसोटाइलचे तंतू असतात. गोखिवरे, वालीव, सातिवली भागातल्या जुन्या औद्योगिक गाळ्यांवर तो आहे. नालासोपारा आणि विरार पूर्वेच्या बैठ्या चाळींवर आहे. पश्चिमेला वाड्यांमधल्या घरांच्या पडव्यांवर, गोठ्यांवर, न्हाणीघरांवर आहे. कौले शाकारायला माणूस मिळेनासा झाला तेव्हा कितीतरी घरांनी कौले उतरवून हाच पत्रा चढवला. जुन्या इमारतींच्या मागच्या भिंतीला खाली उतरणारे राखाडी सिमेंटचे पाईप, गच्चीवरच्या पावसाळी शेड, जुन्या चौकोनी सिमेंटच्या टाक्या, यांतही तो असू शकतो. राज्यभरातल्या जुन्या नळपाणी योजनांमध्ये ज्याला प्लंबर ‘एसी पाईप’ म्हणतात, त्यातला ‘ए’ अॅस्बेस्टॉसचाच.

हे सांगताना मला कोणाला घाबरवायचे नाही. उलट, भीतीने माणसे चुकीचे काहीतरी करतील याचीच धास्ती वाटते. डोक्यावर धड, न फुटलेला, न झिजलेला पत्रा असेल तर त्याखाली झोपणाऱ्या कुटुंबाला धोका फार कमी असतो. तंतू सिमेंटमध्ये अडकलेले असतात. जमिनीखालचा जुना पाईप जिथे आहे तिथे राहू दिला तर तोही शांत असतो. पाण्यातून पोटात गेलेल्या तंतूंमुळे आजार होतो असे जागतिक आरोग्य संघटनेला ठामपणे आढळलेले नाही. धोका श्वासाचा आहे. पत्रा कापला, भोसकला, घासला, आपटला, चिरडला की तंतू मोकळे होतात. ते केसापेक्षा शेकडो पटींनी बारीक असतात, डोळ्यांना दिसत नाहीत, वास येत नाही, ठसका लागत नाही, आणि तासन् तास हवेत तरंगत राहतात. फुप्फुसात खोल गेलेला तंतू शरीराला नीट बाहेर टाकता येत नाही.

मग वीस, तीस, चाळीस वर्षे काहीच होत नाही. त्यानंतर कोणाला फुप्फुसे आतून निबर होत जाणारा अॅस्बेस्टॉसिस होतो, कोणाला फुप्फुसाचा कर्करोग, कोणाला फुप्फुसाच्या आवरणाचा मेसोथेलिओमा. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने अॅस्बेस्टॉसचे सर्व प्रकार, आपल्याकडचा पांढराही, माणसाला निश्चितपणे कर्करोग करणाऱ्या पहिल्या गटात ठेवले आहेत. विडी-सिगारेट ओढणाऱ्याच्या बाबतीत फुप्फुसाच्या कर्करोगाचा धोका नुसता वाढत नाही, कित्येक पटींनी चढतो. आपल्याकडे दम लागलेल्या मजुराच्या छातीचा फोटो पाहून अनेकदा क्षयाचाच संशय घेतला जातो. त्याने तरुणपणी काय काम केले हे विचारायला गर्दीच्या ओपीडीत वेळ कोणाला असतो? त्यामुळे या आजाराचा आकडा आपल्या शहराच्या कुठल्याच तक्त्यात उमटत नाही, आणि आकडा नाही म्हणून आजारही नाही असे आपण धरून चालतो.

हे आपल्यापासून दूर घडते असेही नाही. घाटकोपरला हिंदुस्थान फेरोडो हा ब्रेक लायनिंग बनवणारा कारखाना होता. तिथल्या कामगारांची तपासणी मुंबईतल्या व्यावसायिक आरोग्यावर काम करणाऱ्या डॉक्टर-कार्यकर्त्यांनी केली, तेव्हा अनेकांच्या फुप्फुसांत अॅस्बेस्टॉसिस आढळला. २००५ मध्ये तो अभ्यास प्रसिद्ध झाला. मुंबईच्या उपनगरांतल्या अशा कारखान्यांत नोकरी करून पुढे स्वस्त घरासाठी वसई-विरारला राहायला आलेली माणसे आपल्या शहरात कमी नसतील. त्याआधी, २७ जानेवारी १९९५ रोजी, सर्वोच्च न्यायालयाने अॅस्बेस्टॉस कामगारांच्या प्रकरणात निकाल देताना कामगाराचे आरोग्य हा घटनेच्या एकविसाव्या कलमातल्या जगण्याच्या हक्काचा भाग आहे, असे स्पष्ट म्हटले. नोकरी लागल्यापासून किमान चाळीस वर्षे कामगाराच्या आरोग्याच्या नोंदी ठेवा, असा आदेशही त्यातच दिला. चाळीस वर्षे हा आकडा न्यायालयाने उगाच घेतलेला नाही. हा आजार तेवढी वाट पाहतो.

पण तो निकाल कारखान्याच्या फाटकाच्या आतल्या माणसासाठी होता. फाटकाबाहेर काय घडू शकते हे जपानने २००५ मध्ये पाहिले. आमागासाकी शहरात कुबोता कंपनीचा अॅस्बेस्टॉस सिमेंटचे पाईप बनवणारा कारखाना होता. कारखान्यात कधी पाऊलही न टाकलेल्या, केवळ आसपास राहिलेल्या लोकांना मेसोथेलिओमा झाल्याचे उघड झाले आणि देश हादरला. पुढच्याच वर्षी जपानने पीडितांसाठी मदतीचा कायदा केला.

आपल्याकडे पत्रा बनवणारा कामगार थोडा, पण पत्रा फोडणारा हात जागोजाग आहे.

मे महिन्यात वसईच्या कोणत्याही जुन्या आळीत जावे. पावसाळा तोंडावर, गेल्या वर्षीची गळती आठवणीत. छपरावर एक पोरगा चढलेला असतो. पायाखाली आडवी फळी नाही, पत्र्याखालचा वासा कुठे आहे ते अंदाजाने बघत तो पाऊल टाकतो. हातात तारेचा ब्रश. वर्षभर धरलेले शेवाळ आणि काळा थर तो जोर लावून खरवडतो; खालून करडा, रवाळ पत्रा उघडा पडतो. कोरड्या उन्हात त्याची पूड उडते आणि पन्हळीतून खाली अंगणात पडते. तिथे चटईवर मिरच्या नाहीतर बोंबील वाळत टाकलेले असतात. खरवडून झाले की डांबर किंवा वॉटरप्रूफिंगचे रसायन फासतात आणि म्हणतात, आता चार महिने चिंता नाही. त्या पोराच्या तोंडाला रुमाल असेल तर असेल. रुमालाने हे तंतू अडत नाहीत, साध्या सर्जिकल मास्कनेही नाही.

शेवाळ काढायचेच असेल तर आधी पत्रा भिजवायचा, मऊ ब्रशने ओल्यातच पुसायचा आणि वर रंगाचा थर द्यायचा. जोराच्या पाण्याचा फवाराही मारायचा नाही. तो तर वरचा थरच उडवतो. एवढी साधी गोष्ट त्या पोराला कोणी सांगितलेली नाही. पत्र्यातून पाय जाऊन खाली सिमेंटच्या जमिनीवर पडून माणसे मरतात, हेही त्याला कोणी सांगितलेले नसते. जुना पत्रा माणसाचे वजन पेलत नाही. तुटताना तो वाकून सूचना देत नाही, एकदम फुटतो. पावसाळ्याआधीच्या दुरुस्तीत असे अपघात होतात तेव्हा त्यांची बातमी दोन ओळींची असते.

नवा नळ, नवा एसी, नवी चिमणी बसवायची म्हणून पत्र्याला भोक पाडणारा ग्राइंडर हा याहून वाईट. फिरत्या चकतीने कोरडा पत्रा कापला की जो पांढरा ढग उठतो तो मिस्त्रीच्या नाका-तोंडाशी असतो आणि घरात असलेल्या मुलांच्याही. मिस्त्री तेच कपडे घालून घरी जातो. जगभरातल्या नोंदींत कामगारांचे कपडे धुणाऱ्या बायकांनाही हा आजार झालेला आहे.

आणि मग पाडकाम. साहेब, या पत्राचे खरे कारण हेच.

१९९० च्या सुमारास इथे सिडको नियोजन प्राधिकरण म्हणून आली आणि शहर उभे राहू लागले. त्या काळातल्या इमारती आता तिशी ओलांडत आहेत. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम २६५-अ प्रमाणे तीस वर्षांपुढच्या इमारतीचे संरचनात्मक लेखापरीक्षण करून घ्यावे लागते; कलम २६४ प्रमाणे धोकादायक इमारतीवर कारवाई करता येते. ऑगस्ट २०२५ मध्ये विरार पूर्वेला विजय नगरातल्या रमाबाई अपार्टमेंटचा भाग शेजारच्या चाळीवर कोसळला आणि १७ जणांचा जीव गेला. ती इमारत काही तीस वर्षांची नव्हती, ती बेकायदा आणि कच्ची होती. त्या रात्रीनंतर धोकादायक इमारतींबाबत कडक व्हा, असे शहरातल्या प्रत्येकाने म्हटले आणि ते बरोबरच होते. माझे म्हणणे त्याविरुद्ध नाही. इमारत पडायच्या आत उतरवलीच पाहिजे. पण येत्या दहा वर्षांत आपल्या शहरात जितके जुने बांधकाम पाडले जाईल तितके आजवर कधी पाडले गेले नसेल. पुनर्विकास, गाळे हटवून उभे राहणारे टॉवर, रस्तारुंदी, अनधिकृत चाळींवरची कारवाई. ज्या पत्र्याने तीस वर्षे कोणाला त्रास दिला नाही तोच पत्रा या दहा वर्षांत फुटणार आहे.

पत्र्याची चाळ यंत्राने पाडताना काय होते ते पाहिलेल्या कोणालाही सांगायची गरज नाही. बादली वरून दाबली जाते, पत्रे करकरत फुटतात, वासे मोडतात, मग तोच ढीग दोन-तीनदा चाकांखाली आणि बादलीखाली येतो. कोणी पाणी मारले तर धूळ डोळ्यांत जाऊ नये म्हणून. पाच पावलांवर बायका-मुले आपले सामान घेऊन उभी असतात. पथकातले मजूर, चालक, बंदोबस्तावरचे पोलीस, सगळे त्याच हवेत. यातल्या कोणालाच आपण काय श्वासात घेतो आहोत हे माहीत नसते. आपल्या कर्मचाऱ्यांसाठी तरी हा प्रश्न आपण मनावर घ्यावा.

तीच गोष्ट अग्निशमन दलाची. गाळ्याला आग लागली की सिमेंटचा पत्रा तापून फटाफट फुटतो, तुकडे उडतात. जवान त्या राखेत तासन् तास वावरतात आणि त्याच गणवेशात केंद्रावर परततात. गणवेश तिथल्या तिथे ओला करून, पिशवीत बंद करून वेगळा धुण्याची शिस्त लावायला कोणता निधी लागतो?

फुटलेला पत्रा पुढे कुठे जातो, याचे उत्तर वसईकरांना वेगळे सांगायला नको. लोखंड भंगारवाला नेतो, दारे-खिडक्या नेतो, अखंड पत्राही कोणीतरी नेऊन दुसऱ्या शेडवर चढवतो. तुकड्यांना कोणी विचारत नाही. ते राडारोड्याबरोबर महामार्गाच्या कडेला, खाजणात, तिवरांच्या मुळाशी, मिठागरांच्या बांधावर जातात. भराव झाला की त्यावर पुन्हा चाळ उभी राहते आणि पाया खोदताना तोच पत्रा पुन्हा फुटतो. जुलै २०१८ च्या पुरात खाजणे बुजवल्याची किंमत शहराने पाण्याने मोजली. या भरावात आणखी काय पुरलेले आहे, तो हिशेब अजून कोणी मांडलेला नाही. खेडेभागात तर तुकडे कोंबड्यांच्या खुराड्याला, वाडीच्या कुंपणाला, चुलीच्या आडोशाला लावतात. टाकून द्यायचे जिवावर येते म्हणून, गरिबीपायी.

कायद्यातही इथे एक फट आहे. २०१६ च्या घातक कचरा नियमावलीत अॅस्बेस्टॉसच्या उत्पादनातून निघणारे टाकाऊ अॅस्बेस्टॉस घातक कचरा म्हणून नोंदलेले आहे. म्हणजे कारखान्याने टाकलेला पत्रा घातक. तोच पत्रा माझ्या छपरावरून उतरला की तो राडारोडा. तंतू एकच, फरक पत्त्याचा. पण या फटीवर आपण पूल बांधू शकता. त्याच वर्षीच्या घनकचरा नियमांनी घरगुती घातक कचऱ्यासाठी दर वीस चौरस किलोमीटरमागे एक संकलन केंद्र असावे असे सांगितले होते. त्या केंद्रांवर सिमेंटचा पत्रा स्वीकारायला सुरुवात करावी. तळोज्याला घातक कचऱ्याची शास्त्रशुद्ध विल्हेवाट लावणारे सामायिक केंद्र आहे. महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या संमतीने, मंडळाची मान्यता असलेल्या वाहनातून, प्लास्टिकमध्ये बांधलेला पत्रा तिथे किंवा मंडळ सांगेल तिथे पोहोचवण्याची व्यवस्था महापालिकेने उभी करावी. नागरिकाने एकट्याने हे करायचे म्हटले तर तो पहिल्याच फोननंतर हात टेकेल आणि पत्रा रात्री खाजणात जाईल.

बंदीबद्दल थोडे बोलणे भाग आहे, कारण ‘सरकारने विकायला परवानगी दिली आहे, मग धोका कसला’ हा प्रश्न आपल्याही दालनात विचारला जाईल. भारतात अॅस्बेस्टॉसच्या खाणींना नवे पट्टे देणे आणि जुन्यांचे नूतनीकरण गेल्या शतकातच थांबले. आयात मात्र चालू राहिली. रशिया, कझाकस्तान, ब्राझील इथून लाखो टन पांढरे अॅस्बेस्टॉस आपल्याकडे येत राहिले आणि त्याचे मुख्यतः पत्रे झाले. ज्या ब्राझीलच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये अॅस्बेस्टॉसवर बंदी आणली, त्याच ब्राझीलमधून माल आपल्याकडे उतरतो. साठाहून अधिक देशांनी बंदी घातली आहे; आपल्या शेजारच्या नेपाळनेही. महाराष्ट्राचे तत्कालीन खासदार विजय दर्डा यांनी २००९ मध्ये राज्यसभेत पांढऱ्या अॅस्बेस्टॉसचा वापर आणि आयात बंद करण्यासाठी खासगी विधेयक मांडले होते. त्याचा कायदा झाला नाही. दिल्ली ठरवील तेव्हा ठरवील. पण उद्या सकाळी बंदी आली तरी आपल्या शहरावर आज चढलेला पत्रा तसाच राहणार आहे, आणि तो उतरवण्याची जबाबदारी महापालिकेकडेच येणार आहे. म्हणून बंदीची वाट पाहू नये.

पोलंडचे उदाहरण मला यासाठी जवळचे वाटते. तो काही अतिश्रीमंत देश नव्हता आणि तिथेही गावोगावच्या घरांवर, गोठ्यांवर हाच नागमोडी पत्रा लाखो टनांनी चढलेला होता. त्यांनी १९९७ मध्ये बंदी घातली आणि मग मान्य केले की पत्रा एका रात्रीत उतरणार नाही. २०३२ पर्यंतची मुदत ठरवली. प्रत्येक नगरपालिकेने आपल्या हद्दीत कोणत्या घरावर किती पत्रा आहे, कोणत्या अवस्थेत आहे याची नोंद करायची, ती सार्वजनिक यादीत चढवायची, आणि सर्वांत खराब पत्रा आधी, सरकारी मदतीने उतरवायचा. काम मुदतीत पुरे होईल का, हा त्यांचा प्रश्न. यादी करण्यात मात्र अशक्य असे काही नव्हते.

आपल्याकडे मालमत्ता कराची नोंद घरोघर होते. नऊ प्रभाग समित्या आहेत. कराच्या नोंदीत छपराचा प्रकार आणि पत्र्याची अवस्था हे दोन शब्द वाढवायचे. संरचनात्मक लेखापरीक्षण करणाऱ्या अभियंत्याने अहवालात अॅस्बेस्टॉसचे एक पान जोडायचे : पाईप, शेड, टाकी, पत्रा. नुसत्या नजरेने अॅस्बेस्टॉसचा पत्रा आणि बिनअॅस्बेस्टॉसचा सिमेंट पत्रा वेगळा ओळखता येत नाही. खात्री सूक्ष्मदर्शकाखालीच होते. म्हणून जुना राखाडी सिमेंटचा पत्रा दिसला की प्रयोगशाळा उलट सांगेपर्यंत तो अॅस्बेस्टॉसचाच धरायचा, असा सरळ नियम करावा.

सुरुवात महापालिकेने स्वतःच्या जागांपासून करावी. बाजाराच्या शेड, स्मशानभूमीच्या शेड, दवाखाने, गोदामे. आणि त्याहीआधी शाळा. आपल्या हद्दीतल्या जिल्हा परिषद शाळांत जिथे जिथे सिमेंटचा पत्रा आहे तिथे जिल्हा प्रशासनाबरोबर बसून, उन्हाळ्याच्या सुट्टीत, वर्ग रिकामे असताना तो उतरवावा. केरळने शाळांवरचे हे पत्रे काढण्याचे आदेश दिलेले आहेत. लहान मुलापुढे आयुष्याची जास्त वर्षे असतात, म्हणजे या आजाराला उगवायला जास्त वेळ असतो. शाळा आधी का, याचे कारण एवढेच आहे.

उतरवायचे कसे, हे अवघड तंत्र नाही. शिस्त आहे. पत्रा आधी दोन्ही बाजूंनी भिजवायचा. पाण्यात थोडा साबण टाकला की ते चांगले मुरते. गंजलेले हुक कटरने तोडायचे किंवा नट सोडवायचे, पत्रा ओढून फोडायचा नाही. पाय फळीवर ठेवायचा, पत्र्यावर नाही. उतरवलेला पत्रा हातोहात किंवा दोराने खाली द्यायचा, वरून टाकायचा नाही. खाली जाड प्लास्टिक अंथरलेले हवे. दुहेरी प्लास्टिकमध्ये गुंडाळून, चिकटपट्टी लावून, वर मराठीत आणि हिंदीत मोठ्या अक्षरांत ‘अॅस्बेस्टॉस, फोडू नका’ असे लिहायचे. जमीन कोरड्या झाडूने झाडायची नाही, ओल्या फडक्याने पुसायची आणि फडकेही त्याच पिशवीत टाकायचे. मजुराला एफएफपी-३ किंवा पी-१०० दर्जाचा, चेहऱ्याला घट्ट बसणारा मास्क हवा, आणि काम संपल्यावर कपडे तिथेच बदलायची, अंघोळीची सोय हवी. वसई, नालासोपारा, विरार स्टेशनबाहेर सकाळी नाक्यावर उभ्या राहणाऱ्या मजुरांतूनच पत्रे उतरवणारी माणसे उचलली जातात. त्यांच्यातल्या काहींना महापालिकेने प्रशिक्षण द्यावे, ओळखपत्र द्यावे, आणि हे काम त्यांनीच करायचे असे ठरवावे. मजुरीही जास्त द्यावी लागेल, द्यावी.

वादळासाठी वेगळी तयारी हवी. १७ मे २०२१ ला तौक्ते आपल्या किनाऱ्याजवळून गेले तेव्हा पाचूबंदरपासून अर्नाळ्यापर्यंत आणि पुढे पालघर-डहाणूपर्यंत छपरांची काय गत झाली ते सगळ्यांनी पाहिले. वादळानंतर पहिल्या दोन दिवसांत लोक हाताने तुकडे गोळा करतात, मुले त्यात फिरतात. आपत्ती व्यवस्थापनाच्या सामानात ताडपत्री आणि दोराबरोबर जाड प्लास्टिकच्या पिशव्या आणि योग्य मास्क ठेवावेत, तुकडे ओले करून उचलण्यासाठी पथक ठरवून ठेवावे. मदतीच्या नावाखाली पुन्हा तोच पत्रा वाटला जाऊ नये, हेही पाहावे. रंगीत धातूचे पत्रे, मंगलोरी कौले, बिनअॅस्बेस्टॉसचे सिमेंट पत्रे बाजारात आहेत.

यातली एक गोष्ट मी सर्वांत आग्रहाने मांडते. अॅस्बेस्टॉसचे कारण पुढे करून कोणाला घराबाहेर काढले जाऊ नये. सिमेंटचा पत्रा गरिबाने आवडीने निवडलेला नाही. तो स्वस्त होता, गंजत नव्हता, वारा-पावसात टिकत होता आणि कोणीही त्याला धोका सांगितला नव्हता. चाळीत राहणाऱ्याला, पाड्यावरच्या आदिवासी कुटुंबाला पत्रा बदलण्याचा खर्च एकट्याने झेपणार नाही. धड पत्रा असेल तर रंगवून, न छेडता तसाच राहू द्यावा, असा सल्ला द्यावा. फुटका असेल तर उतरवण्यासाठी आणि नव्या छपरासाठी मदत द्यावी. पुनर्विकासात विकासकाकडून वसूल होणाऱ्या शुल्कातून यासाठी वेगळा निधी काढता येईल. अनधिकृत चाळीवर कारवाई करणे कायद्याने भाग असेल तेव्हाही पत्रे आधी हाताने, ओले करून उतरवावेत आणि मग यंत्र चालवावे. त्याला अर्धा-एक दिवस जास्त लागेल. त्या चाळीत राहणारी माणसे बेकायदा बांधकामात राहत असतील, त्यांची फुप्फुसे बेकायदा नाहीत.

या शहराला पर्यावरणासाठी भांडायची सवय आहे. फादर फ्रान्सिस दिब्रिटो आणि हरित वसई संरक्षण समितीने इथल्या हिरवळीसाठी आणि पाण्यासाठी जो लढा दिला त्यात आमच्या आधीच्या पिढीची घरेच्या घरे उतरली होती. या वेळी मात्र भांडण नको आहे. सहकारी गृहनिर्माण संस्था, वाड्यांमधली मंडळे, चर्चचे युवक गट, गणेशोत्सव मंडळे, गाळेधारकांच्या संघटना, सगळ्यांना हाताशी धरता येईल. एक पानाचे पत्रक मराठीत, हिंदीत काढावे, आणि सामवेदी, वाडवळीत ध्वनिफीत काढून ती भोंग्यावरून वाजवावी. आजी-आजोबांपर्यंत ते लवकर पोहोचेल. त्यात फक्त पाच-सहा गोष्टी असाव्यात : कोरडा पत्रा घासू नका, ग्राइंडर लावू नका, पत्र्यावर पाय देऊ नका, तुकडे चुलीत किंवा खुराड्याला वापरू नका, खाजणात टाकू नका, आणि उतरवायचा असेल तर या क्रमांकावर फोन करा. तो क्रमांक असा हवा की तिथे फोन उचलला जाईल.

दरवर्षी पावसाळ्याआधी महापालिका धोकादायक इमारतींची यादी जाहीर करते. पुढच्या यादीतल्या प्रत्येक इमारतीपुढे तो एक रकाना भरलेला असावा, अशी विनंती आहे. त्यासाठी प्रभाग अभियंते, अतिक्रमण विभाग, अग्निशमन, घनकचरा, वैद्यकीय आरोग्य विभाग आणि प्रदूषण नियंत्रण मंडळाचे अधिकारी यांची एकत्र बैठक आपण लवकर बोलवावी, आणि तिला पाडकामाचे ठेकेदार व नाका कामगारांचे प्रतिनिधी यांनाही बसवावे. बैठकीची तारीख जाहीर झाली की आम्ही रहिवासी आमच्या संस्थांमधल्या पत्र्यांची, पाईपांची आणि शेडची यादी लिहून घेऊन येऊ.

कळावे,

आपली नम्र,
वसईतील एक रहिवासी